अमर नवरा नको

श्रूजबरी, अमेरिका, वटपौर्णिमा, १९८४

इथे वड कुठला? मागच्या अंगणातल्या मेपललाच दोरा गुंडाळून सात जन्म हाच नवरा मागितला. माझा उपास, आणि सुधीर जेवताना म्हणतो, "उद्या पॉटलकला सगळ्यांच्या डब्यांत शैलाचं श्रीखंड असेल ना? काय करते यार!" मी चिडून त्याच्या उद्याच्या शर्टाला इस्त्री करत राहिले.

मिनू हसायला लागली. शाळेत ग्रीक गोष्ट झालीय. एका वीराच्या बायकोनं मत्सरापायी त्याच्या अंगरख्याला प्रेमाचं औषध लावलं, ते निघालं विष. तो जळून मेला, मग देवांनी त्याला अमर केलं. "सो हॅपी एंडिंग, आई!"

सुधीरनं लगेच शर्ट हुंगून बघितला.

हॅपी कसलं? अमर झाला की पुढचे जन्मच बंद. मग माझे उरलेले सहा? शर्टाला काही लावलेलं नाही, बाबा. खा श्रीखंड, सावकाश म्हातारा हो, मर, आणि परत मलाच सापड.