पूजेला लावलेली पक्कड

अप्पा, परवा माझ्या गाडीत पाणी शिरलं. वेलचेरीत हे नवं नाही, पाऊस जरा रेंगाळला की आमच्या इमारतीच्या तळाचं तळं होतं. पाणी ओसरल्यावर विमा कंपनीचा माणूस आला, फोनवर फोटो काढले आणि अदबीने म्हणाला, "डॉक्टरम्मा, पैसे गॅरेजला परस्पर द्यायचे की तुम्हीच घेता? पुष्कळ लोक पैसे ठेवतात नि गाडी बाहेर कुठेतरी करून घेतात." मी "गॅरेज!" अशी ओरडले की तो बिचारा दोन पावलं मागे सरला. मग मी त्याला कॉफी दिली. ऐंशीला टेकलेली म्हातारी उगाच कशाला खेकसते, हे त्याला कोण सांगणार? तुम्हाला मात्र सांगायला हवं होतं. पन्नास वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तेव्हा आता घाई नाही, असं म्हणत म्हणत मी इथवर आले.

मी अठराची होते, त्या उन्हाळ्यात अंबत्तूरच्या रस्त्यावर लॉरीने आपल्या गाडीचं डावं अंग चेपलं. ऑफिसातल्या गोऱ्या साहेबाने विलायतेला जाताना तुमच्या गळ्यात मारलेली ती जुनी गाडी. तुम्हाला खरचटलंही नव्हतं. टायवाला सर्व्हेअर आला, वर्कशॉपचा अंदाज घेऊन गेला, आणि मे संपता संपता चेक आला. त्याच आठवड्यात माझं मेडिकलच्या प्रवेशाचं पत्रही आलं. स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसला होता, चेक हातात, पत्र मांडीवर, आणि आई डोसा उलटता उलटता म्हणाली, "या पैशांत पोरीस पाठवा. गाडी विकून टाका." तुम्ही म्हणालात, "विकायची कशाला? मीच नीट करितों." आई म्हणाली, "शिवणाचं मशीन नव्हे ते." "मशीनच ते," तुम्ही म्हणालात, "थोडं थोर." ती हसली. मला ते हसू अजून दिसतं, कारण त्या घरातलं पोटभर हसू म्हणजे तेच शेवटचं.

जून ते दसरा, प्रत्येक रविवारी तुम्ही एग्मोरच्या त्या अरुंद अंगणात गोणपाट अंथरून गाडीखाली शिरायचा. दिवसभर फायलींवर मोत्यासारखं अक्षर काढणारा हेडक्लार्क, आणि रविवारी कोपरापर्यंत काळा. मी हॉस्टेलवरून घरी आले की तुमची मदतनीस. मागाल तो पाना द्यायचा. एकदा मी न बघताच भलता दिला, तेव्हा गाडीखालून तुमचा आवाज आला, "पेशंटास औषध असंच देणार काय? बघून दे." मला राग आला होता. पुढे चाळीस वर्षं मी प्रत्येक बाटलीवरचं नाव दोनदा वाचलं, ते त्या एका वाक्यापायी. आणि ती स्प्लिट पिन. स्टिअरिंगच्या सांध्यावरचा नट घट्ट आवळायचा, त्याच्या खाचेतून ती आरपार घालायची आणि पक्कडीने तिचे दोन्ही पाय मुडपायचे, म्हणजे हादऱ्याने नट सुटत नाही. तुम्ही मला ती तळहातावर ठेवून दाखवली होती. म्हणाला होतात, "ही नसेल तर कागद लिहिला, सही राहिली."

मग तो दसरा. आपल्या घरात काय घडलं ते सगळ्या नात्यात अजून असं सांगतात: खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी सगळं काम होत आलं होतं, तो एक नट तेवढा हाताने फिरवून ठेवलेला. तेवढ्यात हत्यारं पूजेला लागली. नवरात्रात बाहुल्या मांडतात त्या कोलूच्या पायऱ्यांपुढे, माझ्या पुस्तकांशेजारी, तुमची हत्यारांची पेटी. एकदा देवीपुढे ठेवलेलं हत्यार दशमीची पुनर्पूजा होईपर्यंत शिवायचं नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक. तुम्ही शिवलं नाही. नवमीला गाडीला चंदन-कुंकू झालं, झेंडूची माळ झाली. दशमीच्या सकाळी पुनर्पूजा झाली, मला रीतीप्रमाणे पुस्तकातलं एक पान वाचायला बसवलं, आणि आई राहुकाळाआधी मैलापूरच्या देवळात जायचं म्हणून दारात चपला घालून उभी. "चला की, किती वेळ?" पिन राहिली ती राहिलीच. चाकांखाली लिंबं फुटली, आणि तुम्ही दोघं गेलात. मी हाडांचं प्रकरण वाचत बसले होते.

येताना, म्हणे, रस्त्याच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि तुमच्या हातातलं चाक नुसतंच गरगरलं. झाड डाव्या बाजूला होतं. आई डाव्या बाजूला होती. सायकलवरून कोणी अनोळखी माणूस सांगत आला, आणि मी धावत गेले ती माझ्याच कॉलेजच्या इस्पितळात. वर्षाला नुकती सुरुवात झालेली, मला तेव्हा फक्त हाडांची नावं येत होती. तिची कोणकोणती मोडली होती ते मला नावानिशी कळत होतं आणि करता काहीही येत नव्हतं. संध्याकाळी ती गेली. तुमच्या कपाळाला चार टाके पडले, बस्स.

तेराव्याला आलेल्या माणसांनी पायसम खाल्लं आणि हात धुताना बोलले. "विम्याचा पैसा दाबला, बायकोस मारलं, पोरीस डॉक्टर केलं." तुम्ही नळाशी उभे होता, तुम्ही ऐकलं. मीही ऐकलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "मी विसरलों." पुढची अकरा वर्षं कोणी विचारो न विचारो, तुमचं उत्तर तेच. गाडी भंगारात गेली. तुम्ही बसने ऑफिसला जायचा. माझी फी एकदाही चुकली नाही.

पण लोकांच्या बोलण्याने तुम्ही खचला नाहीत, हे मला माहीत आहे. तुम्ही भांडलात ते देवीशी. पुढच्या नवरात्रात तुम्ही कोलू मांडला नाही, हत्यारं पेटीतच गंजली. शेवटच्या आजारात, माझ्याच वॉर्डात, माझा हात धरून तुम्ही म्हणालात, "कण्णा, त्या सांजेस हत्यारं मोकळी असती तर पाच मिनिटांचं काम होतं ग. तिने धरून ठेविली." रोज सकाळी तासभर सोवळ्यात बसणारा माणूस असा बोलला. मी तुमची नाडी बघत होते. तेव्हा बोलायचं होतं. मी ठोके मोजले आणि नर्सला काहीतरी लिहून घ्यायला सांगितलं.

हे पत्र मी यंदाच्या खंडेनवमीला पुस्तकांबरोबर देवीपुढे ठेवणार आहे. कोलू मी अजून मांडते, तुम्ही सोडल्यापासून मीच मांडते. दशमीला पुस्तकं उचलीन, पत्र फाडीन. पाठवायचं तरी कुठे? तुम्ही जिथे असाल तिथे आई असेल, आणि तिच्यासमोर हे वाचलं जावं एवढं धैर्य मला या वयातही नाही.

खंडेनवमीच्या आदल्या त्या संध्याकाळी मी परकरावर नवी रेशमी दावणी नेसून मैत्रिणीकडच्या कोलूला निघाले होते. तुम्ही गाडीखालून हाक मारली, "कण्णा, पाना, पक्कड नि ती पिनांची डबी आण ग." मी उंबऱ्यावरूनच म्हणाले, "सगळं पूजेस लाविलं, अप्पा. आईने कुंकूही वाहिलं." तुम्ही म्हणालात, "सरि, बरं. तर राहू दे. जा तू, उशीर नको." आई तेव्हा मागल्या दारी फुलं निवडत होती, तिने काहीच मांडलं नव्हतं. तुम्ही नळावर हात धूत होता तेवढ्यात मी पेटी उचलून देवीपुढे नेली आणि पक्कडीला कुंकू लावलं, खोटं खरं व्हावं म्हणून. देवीने काही धरून ठेवलं नव्हतं, अप्पा. पेटी जिन्याखाली होती, माझ्यापासून चार पावलांवर. माझे हात काळे झाले असते.