श्रावण लागायच्या आत

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
मंगळवार, ता. २९ जुलै १९७५

चि. सौ. चंद्रव्वास अक्काचा आशीर्वाद. महादेवप्पांना नमस्कार.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. अक्षर महादेवप्पांचं, बोलणं तुझं. शेंगाचटणी मिळाली, तिखट जरा जास्तच घातलंस. इकडं ठीक आहे. टॉवेलांच्या कडा शिवायचं काम घरीच आणते. वर्तमानपत्र आता एकटीनं वाचते, जोडाक्षरावर अडत नाही.

तू लिहिलंस, महादेवप्पांनी इष्टलिंग तळहातावर घेऊन शपथ घेतली, श्रावण लागला की दारूचा थेंबही नाही. "अक्का, दाजींना जमलं तसं यांनाही जमेल की!" हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवून दिलं. आज काढलं.

दाजींना जमलं होतं, असं आपल्याकडं सगळे म्हणतात. श्रावण पाळत शुद्ध तोंडानं गेले. मातीच्या वेळी मठाचे अय्याही तसंच बोलले. मी मान डोलावली. चार वर्षं डोलावतेय. ताप आला होता, असं मी सांगितलं. ताप होताही.

चंद्रव्वा, तुला पत्र वाचून दाखवणारं दुसरं कुणी नाही, म्हणून आता महादेवप्पांशीच बोलते. महादेवप्पा, थांबू नका, आणि तिच्यापासून काही गाळू नका.

आमचे हे तुमच्यासारखेच, सकाळी उठल्यावर आधी घ्यायचे. त्याशिवाय मिलमध्ये मागावर हात चालायचा नाही. श्रावण लागला आणि एकदम बंद केली. पहिल्या दिवशी हात कापायला लागले, बशीतला चहा सांडला. मी म्हटलं, "बाळंतिणीगत काय कापताय?" ते हसले. "पार्वती, तुझा श्रावण लई थंड हाय की."

दुसऱ्या दिवशी घाम आणि उलट्या. डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ते भिंतीपुढं उभे राहून गाठी मारायला लागले. मागावर धागा तुटला की मारतात तशाच, दोन बोटांनी. भिंतीवर काही नव्हतं. "सगळा ताणा तुटलाय. ते टोक धर की गं!" असं ओरडले. मला वाटलं, दारूसाठी नाटक चाललंय.

मध्येच भानावर आले. माझा पदर धरला. "एक घोट दे. मरतोय मी."

मी म्हटलं, "मेलात तरी चालेल, शपथ मोडायची न्हाय."

हे माझेच शब्द आहेत, महादेवप्पा. तिला मोठ्यानं वाचून दाखवा.

धाकटा दीर गुरप्पा टांगा घेऊन आला होता. "वैनी, दवाखान्यात नेऊ या." दवाखान्यातल्या औषधात दारू असते असं शेजारणीनं सांगितलेलं, म्हणून मी दारात आडवी उभी राहिले. तो रडत परत गेला. चौथ्या दिवशी सकाळी झटके आले, त्यातच हे गेले.

यंदा चैत्रात गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, दुसऱ्या कुणाचं म्हणून. त्या म्हणाल्या, "रोज सकाळपासून पिणाऱ्यानं एकदम तोडली की दोन-तीन दिवसांत असंच होतं. भास होतात, झटके येतात, माणूस दगावतो. सोडायला तर हवीच, पण दवाखान्यात, डॉक्टरच्या देखरेखीखाली." मी विचारलं, "तिनं नवऱ्याला वेळेत नेलं असतं तर?" बाईंनी माझ्याकडं बघितलं.

शिवताना दोरा तुटला की अजून मागं कुणीतरी म्हणतं, टोक धर. दिवसाढवळ्या, शेजारी रेडिओ चालू असताना. मी वळून बघत नाही.

अमावास्या गुरुवारी सात तारखेला आहे. त्याआधी दोघं इकडं या. डॉक्टरीणबाईंशी बोलून ठेवलंय, मोठ्या दवाखान्यासाठी त्या चिठ्ठी देतील. तोवर रोजची एकदम बंद करू नका. आणि चंद्रव्वा, त्यांनी हट्टानं केलीच आणि हात कापायला लागले, तर उपास बघू नकोस, सोमवार बघू नकोस. गाडी जुंपायला लाव आणि दवाखाना गाठ. शपथ मोडली तर देवापुढं नाक मी घासेन.

एक लिहायचं राहिलं. झटके आले तेव्हा मी त्यांच्याजवळ नव्हते. गुरप्पा गेल्यावर मी बाहेरून कडी लावली होती. सकाळी आधी दार वाजलं. मग जमिनीवर काहीतरी आपटत राहिलं. मग थांबलं. मला वाटलं, झोप लागली. बरं वाटलं मला.

महादेवप्पा, आता चंद्रव्वाच्या तोंडाकडं बघा, आणि पहिल्या गाडीनं निघा.

तुमची अक्का
पार्वतम्मा