कांद्याचा शेक

प्रिय आत्या,

पाच वर्षं पोटात ठेवलेलं सांगते. माझ्या लेकीचा ताप तुझ्या आजीच्या त्या कांद्याच्या शेकाने उतरलाच नव्हता. तू कांदे भाजायला वळलीस की मी तिला गुपचूप डॉक्टरांचं औषध पाजायचे. नंतर तू चारचौघांत मिरवलीस आणि मीही मान डोलावली. तुझं मन मोडवेना.

आत्ता वहिनीचा फोन आला होता. बाळ तीन दिवस तापाने फणफणलंय आणि तू डॉक्टरकडे नेऊ देत नाहीस. "ताई, तुमच्या लेकीला शेकानेच बरं वाटलं ना?"

मी "हो" म्हटलं, आत्या!

दोन कागद फाडले, हा तिसरा. पत्र पोचेपर्यंत बाळाने थांबायचं का? पेन ठेवते. आधी वहिनीला खरं सांगते, मग तुला फोन लावते. शिव्या घाल, पण उचल.

तुझी खोटारडी भाची