नववा भाग

हाउन्सलो,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम. तुझी तब्येत बरी असेल, अशी आशा करते.

“तिला सोडवायला कोणी येत नाही गं, ती आपली आपणच सुटते.” हे तू मला सांगितलंस तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस आणि मी आठ. मी पडद्यापुढे बसून रडत होते. पडदा म्हणजे मम्मीची पांढरी चादर. पप्पांनी कार बूट सेलच्या जुन्या बाजारातून तो जुना प्रोजेक्टर आणला होता आणि सोबत एकच रीळ, कुठल्याशा मूकपटांच्या मालिकेचा आठवा भाग. ब्रेक तुटलेली मोटार, आत दोरानं बांधलेली ती बाई, पुढे मोडका पूल. मोटार दरीत कोसळायची आणि पाटी यायची: पुढे काय झालं ते पुढच्या आठवड्यात पाहा. आपल्या घरी तो पुढचा आठवडा कधी आलाच नाही. तू इंग्रजी पाट्या वाचायचीस, पप्पा त्यावर मराठीत रंगवून सांगायचे, आणि मी नुसती बघायची.

पप्पा आता एकोणऐंशीचे आहेत. जूनपासून मी इथेच राहते. शनिवारी पिनरला घरी जाते, कपडे घेते, परत येते. प्रमोद एका शब्दानं कुरकुरत नाही, त्याचंच जास्त ओझं होतं. दमलेय गं. गोळ्या, आंघोळ, भाकरी दुधात कुस्करून भरवणं, आणि मध्येच त्यांचं, “तू का उभी? बस की.” गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता उपचार नाहीत, फक्त आराम. “ख्रिसमसपर्यंत?” असं मी विचारलं. त्यांनी दुखणं थांबवायच्या गोळ्या लिहून दिल्या.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. एका फिल्म अर्काइव्हच्या साइटवर मला नववा भाग सापडला. रविवारी लॅपटॉप पप्पांच्या पलंगावर ठेवून आम्ही दोघांनी पाहिला.

“पाटी वाच की.”

“वाचतेय, पप्पा.”

“तुझं वाचून होईस्तोवर गाडी दरीत जाईल. शीला कशी फडाफडा वाचायची!”

नववा भाग आठव्याच्या शेवटापासूनच सुरू होतो. तीच मोटार, तोच पूल. फक्त मध्ये एक नवा तुकडा घातलेला आहे. मोटार कोसळायच्या आधीच ती दोर सोडवून झुडपात उडी मारते. आठव्या भागात हे नव्हतंच. साइटवर लिहिलंय की या मालिका सर्रास असं करायच्या. आठवडाभरात लोक नेमकं काय पाहिलं ते विसरायचे.

“लबाड लेकाचे!” पप्पा हसता हसता खोकले. मग पडद्याकडेच बघत म्हणाले, “शीलानं एक फोन केला असता ना, तर होतो तसा गाडी घेऊन निघालो असतो.”

मी चहाचं निमित्त करून उठले.

ताई, तसा तुकडा मीही घातलाय. त्या ख्रिसमसला तू पप्पांशी भांडून मँचेस्टरला कॉलेजात परत गेलीस. फेब्रुवारीत एका दुपारी तुझा फोन आला, तिथल्या बस स्टेशनवरून. “रचू, खूप ताप आहे. मला घरी यायचंय. पप्पांना सांग, न्यायला या.” मी म्हणाले, “सांगते.” मम्मी शिफ्टला गेली होती. पप्पा बाहेर गाडी धूत होते. खिडकीतून मला दिसत होते.

मी सांगितलं नाही.

चौदा वर्षांची होते. तू गेल्यापासून पाट्या मला वाचायला मिळत होत्या. कारण एवढंच होतं. मोठं काहीतरी असायला हवं होतं असं वाटतं, पण नव्हतं.

माझ्या लग्नात तू म्हणालीस, “सहा तास थांबले मी तिथे. तू सांगितलं होतंस ना त्यांना?” मी तुझ्या केसातला गजरा नीट करत होते. म्हणाले, “सांगितलं होतं. ते काही बोलले नाहीत.” तू हॉलच्या त्या टोकाला बसलेल्या पप्पांकडे एकदा पाहिलंस आणि जेवायच्या आधीच निघून गेलीस.

काल पप्पांना सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं, ओरडायला हवे होते. त्यांनी चादरीची किनार चिमटीत धरली. मग विचारलं, “ताप होता तिला?” एवढंच. संध्याकाळी म्हणाले, “तो फोन जरा इकडे ठेव.” मी वायर सोडवून फोन त्यांच्या उशाशी आणून ठेवलाय.

तुझ्याकडे माफी मागत नाही. बत्तीस वर्षांची माफी कुठून मागायची, तेही कळत नाही.

पुढच्या रविवारी, तेवीस तारखेला, दुपारी चार वाजता घरच्या फोनवर फोन कर. सुरुवातीचे आकडे तेवढे बदललेत, बाकी नंबर तोच आहे. पप्पांनी कधी बदलू दिला नाही. तू करणार नाहीस, मला माहीत आहे. तुझ्या जागी मीही केला नसता. तरी कर. मी त्या वेळी बाहेर असेन, त्यांची गाडी धूत. फोन मी उचलणार नाही.

‘सांगते’ म्हणालेली,
रचू