शिंपिणीने नेलेला तांबडा दोरा

३ जुलै
आज कमाल झाली. मशीनजवळच्या खिडकीत कातरण पडलेली असते, तिथे शिंपी पक्ष्याची मादी आली. अंगठ्याएवढी. तांबड्या रेशमी दोऱ्याचा तुकडा चोचीत धरला आणि गेली. बाहेरच्या अंजिराचं मोठं पान वळवून शिवतेय! चोचीनेच भोक पाडते, चोचीनेच दोरा ओढते. चाळीस वर्षं काचीगुड्यात ब्लाउज शिवतेय मी, पण आज आ वासून बघत बसले. बोनालूच्या सणाचे ब्लाउज न्यायला आलेल्या दोघी ताटकळल्या. बसा म्हटलं.
लेकाने, निखिलने, पुण्याहून पाठवलेल्या जुन्या कॅमेऱ्याने सात फोटो काढले. सातही नुसत्या पानाचे.

४ जुलै
गाठ मारत नाही ती. दोऱ्याचं टोक पिंजून भोकाबाहेर फुगवून ठेवते, की सुटायला नको. मला हे कुणी शिकवलं नाही, तिला कुणी शिकवलं असेल?
मुद्दाम आणखी तांबडे तुकडे ठेवले. हिरव्यात तांबडं खुलतं, फोटो छान येईल. पांढरा सुती दोरा पण ठेवला होता. तांबडाच जास्त नेला बाईने.

६ जुलै
फोटो धूसर येतात. ख्वाजाभाईंकडे गेले. स्टेशनसमोर कॅमेरे दुरुस्त करतात, तोंडाने फटकळ, मनाने देवमाणूस. म्हणाले, फार जवळ बसता, या लेन्सला तीन हात तरी अंतर लागतं. बाकीचं, शटर वगैरे, वहीच्या मागच्या पानावर लिहून आणलं.
खुर्ची मागे घेतली. खिडकीला काळ्या अस्तराचा पडदा, त्याला काज्यासारखं भोक, त्यातून लेन्स.

९ जुलै
एक गंमत कळली. मशीन चालू असलं की ती बिनधास्त. थांबलं की भुर्र. माझ्या टकटकीची सवय झालीय तिला. म्हणजे फोटो काढताना पाय चालूच पाहिजे. सुईतून दोरा काढते, पायटा मारते, डोळा कॅमेऱ्याला. हे पेपरातून डोकं काढून म्हणाले, वेड लागलंय. लागलंय तर लागलंय.
पण पायट्याने खुर्ची हलते, फोटोही हलतो. कॅमेरा चिंध्यांच्या उशीवर ठेवला, शटरचा वेग वाढवला. आता जरा बरं.

१४ जुलै
पानातून नुसती तिची शेपटी वर दिसते. अंडी घातली वाटतं. दिवसभर सारखं बघून मान दुखली.

२४ जुलै
अळी घेऊन आली! म्हणजे पिल्लं. मी एकटीच टाळ्या वाजवल्या, पाय थांबला, मशीन थांबलं, ती उडाली. मूर्ख बाई.

२९ जुलै
आजचा फोटो. पानाच्या काठावर तीन पिवळी तोंडं, वर आई, तिच्या डोळ्यात माझी खिडकी चमकतेय. खिडकी! एवढ्याशा डोळ्यात! रात्री जेवताना दोनदा उठून पाहिला. देवाने एवढ्या बारीक जिवावर एवढं काम केलंय, आणि आपण एक बाही नीट बसली की मिरवतो.

३० जुलै
ख्वाजाभाईंना दाखवला. त्यांनी मोठा करून पाहिला. मग विचारलं, हा तांबडा दोरा तिला कुठे मिळाला? मी ऐटीत सांगितलं, मी दिला.
"आपा, जो तुमकू दिखरा, वो सबकू दिखरा."
घरी येऊन खाली अंगणात उभी राहिले. तिथून पण तांबडं दिसतं, म्हणजे कावळ्यामांजरांनाही दिसणार. इतके दिवस लक्षातच आलं नाही. आता दोरा काढायचा म्हणजे घरट्याला हात लावायचा, तो लावायचा नाही. हिरव्या अस्तराचं कापड गजापासून फांदीपर्यंत बांधलं, घरटं झाकलं. ती अर्धा तास आली नाही, माझा जीव टांगणीला. मग आली.

१ ऑगस्ट
कापडामुळे उजेड नाही. फोटो मेलेले येतात. सकाळी दहा मिनिटं कापड बाजूला केलं तर काय बिघडतंय.

२ ऑगस्ट
लिहिते. लिहायला नको वाटतंय.
सकाळी कापड सारलं. ऊन छान पडलं होतं. इतक्यात भारद्वाज आला, अंजिरावरच. विटकरी पंख, लाल डोळा, इतका जवळ मी जन्मात पाहिला नव्हता. आई म्हणायची, भारद्वाज दिसला की दिवस सोन्याचा. मी हात जोडले. खरंच जोडले. मग फोटो काढले, पाय चालूच. त्याने पानात डोकं घातलं तेव्हा कळलं. किंचाळले, फूटपट्टी फेकली. तो गेला. आई बिचारी फांदीवर ओरडत होती.
कापड परत बांधलं. पडद्याचं भोक शिवून टाकलं.

३ ऑगस्ट
शेवटचा फोटो पाहते, परत पाहते. उडतानाचा. चोचीत काहीतरी आहे. पान असेल, पिल्लू असेल. धूसर आहे, कारण उठता उठता बटण दाबलं गेलं होतं. महिनाभर धूसरपणा घालवायला धडपडले, आणि नेमका हाच.
ख्वाजाभाईंना म्हटलं, कॉम्प्युटरवर सुधारून द्या. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, मग चष्मा काढला.
"जो फोटू में आयाच नई, वो मैं कां से लाऊं?"
त्याआधीचा, भारद्वाज बसलेला, तो मात्र लखलखीत आलाय. आजवरचा सगळ्यात चांगला. घरी यांनी विचारलं, निखिलला पाठवू का? नको म्हटलं.

४ ऑगस्ट
अंगणातून पाहिलं, ती अळ्या आणतेय. म्हणजे आत कुणीतरी आहे. किती, ते बघायला पडदा उचलायचा धीर नाही. दिवसभर मशीन चालवलं. दुपारी काम संपलं तरी रिकामं चालवलं. हे चहा ठेवून गेले.

७ ऑगस्ट
पहाटेपासून टुवीट टुवीट, कान किटले. शेवटी पडद्याची कड उचलली. अंजिराच्या फांदीवर दोन पिल्लं, बिनशेपटीची, एकमेकांना चिकटून. दोन. परत मोजली. एवढीशी होती, आता पंख आहेत त्यांना!
आईने दोघांना भरवलं. मग आणखी एक अळी आणली आणि पानाच्या तोंडाशी बसून हाका मारायला लागली. आत गेली. बाहेर आली तेव्हा चोच रिकामी. आत तिसरं असेल. नाहीतर तिनेच गिळली असेल.
हे मागे येऊन कॅमेरा पुढे करत होते. मी घेतला नाही. ती परत अळी शोधायला गेली, येईल आता. सुईतून दोरा काढला आणि पायटा मारत बसले.