ओव्हन दुरुस्त करू नये

काय घडले:

१. ऑगस्टमध्ये माझ्या पोटाचे पहिले ऑपरेशन झाले. त्यानंतर बरेच दिवस मी रुग्णालयात होते.
२. त्या काळात बाबांना सांभाळायला माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी माझ्या घरी येऊन राहिले.
३. स्वयंपाकघरातला ओव्हन दाखवतो एक आणि तापतो त्याहून कमी, हे दादाच्या लक्षात आले. त्याने कारागीर बोलावून तो दुरुस्त करून घेतला.
४. त्यानंतर त्या ओव्हनमध्ये केलेला चुरा, म्हणजे आमच्याकडचा सफरचंदाचा भाजलेला गोड पदार्थ, करपला. बाबांनी तो थुंकून टाकला. पुढच्या वेळीही तेच झाले. मग बाबांनी जेवणच सोडले.
५. बाबा आता घरी राहू शकत नाहीत, असे ठरवून दादाने त्यांना वृद्धाश्रमात ठेवले. मला कळवले नाही.
६. मी घरी आल्यावर त्यांना परत आणले.
७. माझे दुसरे ऑपरेशन १४ ऑक्टोबरला आहे.

वरील कारणांनी हे मृत्युपत्र.

मी, खाली सही करणारी, वय चौतीस, अविवाहित, तापमापक तपासण्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडे आले आहे ते औषधांमुळे. बोटांच्या टोकांना स्पर्श कळेनासा झाला आहे. डोके ठिकाणावर आहे, तसे डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे. कुणी माझ्या मागे लागून हे लिहून घेतलेले नाही. मागे लागले असते तर मी लिहिलेच नसते, हे घरातले कुणीही सांगेल. यातून उठण्याची शक्यता मला आकड्यात सांगण्यात आली आहे. तो आकडा इथे देत नाही, कारण त्याने खालची तरतूद बदलत नाही.

कलम १. घर.

दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी. आईने हे घर माझ्या नावे केले. ते कळले त्या दिवशी दादा म्हणाला होता, "घर तुझ्या नावावर, मग बाबाही तुझ्याच नावावर." तो हसत म्हणाला. वहिनी हसल्या नाहीत.

हे घर मी दादाला देते. अट एकच: बाबा जिवंत असेपर्यंत ते याच घरात राहतील आणि दादा त्यांच्यासोबत राहील. दादाला हे जमणार नसेल, तर तळमजल्यावरच्या निवृत्त परिचारिका, ज्यांना मी काकू म्हणते, त्या वर येऊन बाबांबरोबर राहतील. बाबांच्या मागे घर काकूंचे. काकू मला म्हणाल्या, "गुडघे साथ देतायत तोवर मी आहे गं. पुढचं मला विचारू नकोस." मी विचारले नाही. त्यांचे गुडघे थकल्यावर बाबा कुठे जातील ते आम्हा दोघींनाही ठाऊक आहे.

कलम २. बाबा.

बाबा ओतकामाच्या कारखान्यात वाळूचे साचे करायचे. आता त्यांना कारखाना आठवत नाही, आई गेल्याचे आठवत नाही आणि मी ओळखू येत नाही. ते मला बाई म्हणतात.

"बाई, तुम्ही कुणाकडच्या?"

"इथल्याच."

"पगार वेळेवर देतात ना? नाहीतर सांगा मला. मालक माझ्या ओळखीचा आहे."

एवढे बोलणे रोज होते. रोज मी सांगते की पगाराची तक्रार नाही.

वृद्धाश्रमात मी गेले तेव्हा ते खाटेच्या कडेवर बसून चादरीचे टोक बोटांनी चोळत होते. चादर तिथे विरली होती. तिथल्या बाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दिवसभर हेच चालतं त्यांचं. आम्ही चादर बदलतो, ते दुसरी धरतात." ते काय करत होते हे त्यांना कळण्याचे कारण नव्हते. मला कळले. खालचे कलम ४ पाहावे.

कलम ३. ओव्हन.

हा आईने जुना विकत घेतला होता. त्याचे बटण दोनशेवर ठेवले की आत त्याहून पंचवीस अंश कमी असते. आईने कधी मोजले नाही. तिने आपला सगळा हिशेब त्या बटणावरून बसवला आणि तोच आम्हाला तोंडी दिला. दुरुस्तीनंतर दोनशे म्हणजे खरोखर दोनशे झाले आणि चुरा वरून काळा, आत कच्चा निघू लागला.

यावरून आमचे फोनवर बोलणे झाले.

"बिघडलेली वस्तू नीट केली, हा माझा गुन्हा?"

"विचारायचं होतंस."

"कुणाला? तू नळ्या लावून पडली होतीस. आणि काय गं, गावभरचे थर्मामीटर नापास करत हिंडतेस, घरात एवढी ढळढळीत चूक, ती बरी चालते तुला?"

तेव्हा मी फोन ठेवला. उत्तर इथे देते. चूक माहीत असली आणि रोज तेवढीच असली, तर तिच्यासह काम करता येते. आमच्या कामात तशा उपकरणाला कुणी वाईट म्हणत नाही. ओव्हनवर तशी चिठ्ठी लावायला हवी होती. घरात सगळ्यांना ठाऊक आहे असे मी धरून चालले, आणि दादा घर सोडून किती वर्षे झाली ते मोजले नाही.

ती चूक मी परत बसवली आहे. माझी बोटे चालत नसल्याने प्रयोगशाळेतला सहकारी मदतीला आला. कुठलाही आकडा दशांशासकटच सांगतो म्हणून आम्ही त्याला दशांश म्हणतो. तो म्हणाला, "चांगलं उपकरण बिघडवायला पहिल्यांदाच कुणी बोलावलं मला." काम त्याने चोख केले. आता चिठ्ठीही लावली आहे. ओव्हन जसा आहे तसा, चुकीसह, घराबरोबर द्यावा. दुरुस्त करू नये.

कलम ४. चुरा करण्याची रीत.

दुकानात याला क्रंबल म्हणतात. आमच्याकडे चुरा.

आंबटसर सफरचंदे सोलून जाड फोडी कराव्यात. पातळ केल्या तर त्यांचा लगदा होतो. त्यांना साखर, लिंबाचा रस आणि चिमूटभर दालचिनी लावून भांड्यात पसराव्यात. मैद्यात थंड, घट्ट लोण्याचे तुकडे टाकावेत आणि बोटांच्या टोकांनी चोळावेत. तळव्याने नाही, तळव्याच्या उबेने लोणी वितळते. भरड झाले की साखर घालून फोडींवर पेरावे. दाबू नये. बटण दोनशेवर. कडेने रस दाट होऊन बुडबुडे मारू लागला की काढावे, आणि लगेच वाढू नये.

चोळणे कधी थांबवायचे ते स्पर्शाने कळते, आणि मला आता कळत नाही. उन्हाळ्यात, औषधे सुरू झाल्यावर, एकदा मी परात घेऊन तशीच थांबले होते. बाबा शेजारी येऊन बसले आणि त्यांनी परात आपल्याकडे ओढली. थोडे चोळले. मग मूठभर घेऊन आवळले, मूठ उघडली आणि तो गोळा अंगठ्याने मधोमध मोडला. कड स्वच्छ आली. "झालं," म्हणाले. साच्याच्या वाळूची परीक्षा ते आयुष्यभर अशीच करत होते.

तेव्हापासून चोळण्याचे काम बाबांचे. स्वतःच्या हाताचा चुरा खाल्ला, की त्यानंतर ते जेवतातही. वृद्धाश्रमात त्यांना स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. मी विचारले होते. नियम योग्य आहे. म्हणून कलम १.

कलम ५. भांडे.

आईचे जाड काचेचे चौकोनी भांडे वहिनींकडे आहे. त्यांनी ते कुंडीखाली ठेवले आहे. मागच्या वर्षी मी मागितले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो वन्सं, त्याला तडा गेलाय, ओव्हनमध्ये फुटेल." मी जाऊन पाहिले. तडा खरा आहे. भांडे वहिनींनी ठेवावे. तडा आधीचा की कुंडीचा, हा वाद मी माझ्या बाजूने बंद करते. नवे भांडे मी घेतले आहे, तेही चौकोनीच.

कलम ६. हत्यारे.

माझा स्वतःचा तापमापक, त्याची पेटी आणि लहान पक्कडींचा संच दशांशला. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही त्याचेच.

कलम ७. कोपरा.

चौकोनी भांड्याच्या कोपऱ्यात चुरा सर्वांत कुरकुरीत होतो आणि रस चिकटून कडक बसतो. लहानपणी त्या कोपऱ्यावरून दादा आणि मी भांडायचो. बाबा तो नेहमी मला द्यायचे. "लहान आहे ती," एवढेच सांगायचे. मी मोठी झाले तरी तेच कारण चालू राहिले. दादाच्या रागाचे मूळ मी बरीच वर्षे घर माझ्या नावावर असण्यात शोधले. ते बहुधा या कोपऱ्यात असावे.

बाबा अजूनही खायला बसण्याआधी एक कोपरा काढून बशीत ठेवतात आणि बशी माझ्या हातात देतात. "बाई, हे झाकून ठेवा. पोर शाळेतून यायचीय." मी झाकून ठेवते. मग स्वयंपाकघरात उभी राहून खाते. औषधांमुळे चव लागत नाही, पण बशी रिकामी करावी लागते, कारण ते नंतर येऊन बघतात.

हा कोपरा मी दादाला देते. त्याने तो स्वयंपाकघरात खावा, बाबांसमोर नाही. बाबा विचारतील, "पोरीनं खाल्लं का?" त्याचे उत्तर "खाल्लं" असे द्यावे. दुसरे काहीही सांगू नये.

दादाने बाबांना वाईट हेतूने तिकडे नेले, असे माझे म्हणणे नाही. तो इथे असताना बाबांची आंघोळ स्वतः घालत होता, हे काकूंनी मला सांगितले. तेही इथे नोंदवते.

स्थळ: घरी, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: ३ ऑक्टोबर.

सही करणारी: (सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर केली:
१. आमचे नेहमीचे डॉक्टर (सही)
२. समोरचे चष्म्याचे दुकानदार (सही). यांनी सही करण्याआधी सगळे वाचायला मागितले. वाचू दिले.

दादासाठी, प्रतीसोबत:

दादा, कलम १ ची अट तुला मान्य आहे की नाही, तेवढेच कळव. हो किंवा नाही. कारण लिहू नकोस, मी विचारणार नाही. नाही म्हणालास तर १४ च्या आधी काकूंना सामान वर आणायला दोन दिवस लागतील. म्हणून उत्तर ११ ऑक्टोबरपर्यंत माझ्या हातात पडावे.