महामायाच्या गालातला दाणा

५ जून
स्टँडवर घ्यायले कोणी आलं नाही. वडनेर भोलजीहून बोचकं अन् लोणच्याची बरणी घेऊन मी एकटीच जळगाव जामोदले उतरली. पोरगा अश्वजित म्हणे, मीटिंग होती. मायपेक्षा मीटिंग मोठी! पण घर हवेशीर आहे. आता इथंच राहायचं. नात महामाया बारावीले आहे. तिनं ही वही देली, म्हणे, आजी, चौथी शिकली ना तू, लिही रोज चार ओळी. पोरगी लय बोलते. विहारात वंदनाही तीच सांगते.

१४ जून
महामायाचा गाल सुजला. मोबाइलच्या उजेडात पाह्यलं, मागच्या दाढेपाशी ज्वारीच्या दाण्याएवढं काही आहे. सून प्रतीक्षा म्हणे, दवाखान्यात नेऊ. मी म्हटलं, अक्कलदाढ आहे. कॅन्सर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याले होते, हिनं तर सुपारी चाखली नाही. चाळीस वर्षं तंबाखू मी खाल्ली, मले काय झालं? सारे हासले. लवंग धरायले लावली.

२९ जून
हरभऱ्याएवढं झालं. दुखत नाही, हेच मले पटत नाही. सून पुन्हा दवाखाना म्हणाली. मी झापलं. पोरगी खर्रा खाते म्हणतीन लोक, तिचं नाव खराब करतं काय? मीठपाणी दे.

१७ जुलै
बोराएवढं. तोंड दोन बोटंच उघडते. अश्वजितनं तिचं दप्तर झाडलं, पुडी शोधली. काहीच निघालं नाही. पोरगी रडली नाही. माह्याकडं पाह्यलं फक्त.

२६ जुलै
अकोला. तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाई म्हणे, कॅन्सरच आहे. पण तंबाखूचा नाही. मांसातून उठते, लाखात एखाद्याले. पोरीनं काही केलं नाही. पण लवकर आणायले पाह्यजे होतं.

१ ऑगस्ट
रोज पाहते. रोज मोठं. आत बसून कोणी खाऊन राह्यलं तिले — अन् माही जीभ धडधाकट. विहारात वंदना दुसऱ्या पोरीनं सांगितली. महामाया नुसते ओठ —

४ ऑगस्ट
तिले बोलता येत नाही. कागदावर लिहिलं तिनं. आजी, आता पाहू नको, तुले भेव लागते. वाचून मले —

६ ऑगस्ट
पुन्हा अकोल्याचा दवाखाना. आत बोलावून राह्यले. मोठे डॉक्टर विचारतीन, इतके दिवस कोणी थांबवलं. प्रतीक्षा, तू मान खाली घालू नको. अश्वजित, तू तोंड उघडू नको. पोरीले तर विचारूच देऊ नका. उत्तर मी देईन. मीच सांगन का मीच थांबवलं —